सात वर्षांचा माड

काका कोणत्याही कारखान्यात शिरले की आधी खाली बघत. मालक दारात हात जोडून उभा असो, ऑफिसात चहा सांगितलेला असो, काका थेट मशीनपाशी जात, धोतर सावरून उकिडवे बसत आणि सदऱ्याच्या खिशातून लाकडी घडीची फूटपट्टी काढत. बोल्ट किती जाड आहेत, काँक्रीट जमिनीत किती खोल गेलंय, हे विचारत. मालकाने "दोन फूट" सांगितलं तर कडेची माती उकरून खात्री करून घेत. मग हात झटकत उठत आणि म्हणत, "जायच्या तयारीनं आलेला दिसतो." किंवा, "बघू, राहील बहुतेक." चहा त्यानंतर.

ते सरकारी इन्स्पेक्टर नव्हते, इंजिनिअरही नव्हते. केळव्याला त्यांची माडाची आणि सुपारीची वाडी होती. आमच्या राज्यापुरत्या असलेल्या एका पक्षाचे ते तालुका उपाध्यक्ष होते. माझ्या माहितीत अठरा वर्षं उपाध्यक्षच. त्या काळात अध्यक्ष पाच झाले. काका अध्यक्ष का झाले नाहीत, याचं कारण साधं होतं. अध्यक्षाला पालघर स्टेशनावर नेत्यांच्या स्वागताला जावं लागे आणि काका हार आणत नसत. "हार संध्याकाळी गुरं खातात," म्हणत. ते कोंब फुटलेला नारळ आणत, मातीसकट. एकदा तो त्यांनी एका मोठ्या नेत्याच्या हातात दिला. नेत्याने फोटो होईपर्यंत धरला आणि मग ठेवायला जागा दिसेना म्हणून गाडीत मांडीवर घेतला. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांवर तांबड्या मातीचा गोल उमटला. त्यानंतर काकांना स्टेशनावर कोणी बोलावलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "पण त्यांनी तो लावला का, एवढं कळायला हवं होतं," असं ते बरीच वर्षं म्हणत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळे काका म्हणत, मीही म्हणे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बोईसरला नोकरीला लागलो. मलमाच्या आणि टूथपेस्टच्या अॅल्युमिनियमच्या ट्यूब बनवणारा कारखाना, कामगार अठ्ठेचाळीस. मी टाइमकीपर. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कुठल्या मशीनवर किती नग निघाले आणि किती बाद झाले, हे लिहिणं माझं काम. उद्घाटनाच्या दिवशी काका आले. पाया मोजला. एक फूट दहा इंच. चेहरा काही बरा दिसला नाही. मग कोंबाचा नारळ शेठच्या हातात देऊन विचारलं, "शेठ, विक्रीकराची माफी किती वर्षांची मिळाली तुम्हाला?"

"सात वर्ष."

"हा बाणवली जातीचा माड हाय. पाणी नीट घातलंत तर यालाही सातव्या वर्षी नारळ धरतील. तुमची माफी संपेल आणि याचं फळ सुरू होईल. लावा."

शेठ हसले. ते मुंबईहून मंगळवारी आणि शुक्रवारी येत. त्यांनी नारळ माझ्याकडे दिला, मी तो टाइम ऑफिसच्या भिंतीशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. मी चौकशी केली नाही.

काकांनी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत असे नारळ किती वाटले, याची त्यांनी यादी ठेवली नव्हती. सगळं लक्षात असे. कुणाचा माड जगला, कुणाचा वाळला, कुणी गेटाबाहेर टाकून दिला. त्यांचा ठाम विश्वास होता की ज्याचा माड जगतो तो मालक टिकतो, कारण सात वर्षं एका झाडाला पाणी घालणारा माणूस पळून जात नाही. पक्षातले लोक यावर मागून हसत. मीही हसलो आहे.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा केळव्याला सांगितलं. वसाहतीची नुसती बोलणी चालू होती तेव्हाची गोष्ट. पक्षाने ठरवलं होतं की करमाफी देऊन कारखाने आणायला पाठिंबा द्यायचा, अट एकच, कामाला हात इथले लागले पाहिजेत. गावोगाव जाऊन लोकांचा पाठिंबा मिळवायचं काम काकांकडे आलं. किनाऱ्यावरच्या गावांत काम सोपं गेलं. मग ते रेल्वेच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर गेले. तिथली माणसं पावसाळ्यात भात-नागली करत आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्ट्यांवर जात. काकांनी सगळं समजावून सांगितलं. सरकार कर माफ करणार, म्हणून शेठ येणार, म्हणून तुम्हाला काम मिळणार, भट्टीवर जायला नको.

एक म्हातारी शेवटपर्यंत ऐकत होती. ती म्हणाली, "मंग माफी सरली का शेठ काय करल?"

काका मला म्हणाले, "मी चाळीस गावं फिरलो होतो. हा प्रश्न एकानं इचारला नव्हता. आमच्या पक्षाच्या नेत्यांनीसुद्धा नाय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, आजी, तो राहील. जायला लागला तर मी आडवा हाय. त्यावर तिनं अंगठा दिला. तिच्या मागून सगळ्या पाड्यानं दिला." मग म्हणाले, "आता मला कसं कळणार कोण राहील नि कोण जाईल? मला आपलं झाडातलं कळतं."

माझी त्यांच्याशी ओळख वाढली ती एका सभेमुळे. आमच्या तेव्हाच्या तालुका अध्यक्षांनी बोईसरला सभा घेतली होती. मी मागे उभा होतो आणि सवयीने रांगा मोजत होतो. सभा संपल्यावर अध्यक्ष वार्ताहराला सांगत होते, "पाच हजार तरी धरा." काका माझ्याकडे वळले. माझ्या हातात पेन्सिल आणि कागद पाहिला होता त्यांनी.

"तू किती मोजलेस?"

मी सांगितलं, "सहाशे चाळीस. उभे धरून."

काकांनी तो आकडा तिथल्या तिथे वार्ताहराला दिला. अध्यक्ष लाल झाले. "काका, तुम्ही आपल्या पक्षात आहात की त्यांच्या?"

"सहाशे चाळीस माणसं कामधंदा सोडून आली, तुमाला ती कमी वाटतात काय?" काका म्हणाले. "मला तर लई वाटली."

पेपरात काय छापून आलं, ते मी सांगत नाही. पण त्या दिवसापासून काका वसाहतीत आले की टाइम ऑफिसच्या खिडकीशी थांबत. मला नावाने हाक कधी मारली नाही. "काय टाइमकीपर, आज किती?" आणि मी हजेरी सांगायची. सत्तेचाळीस म्हटलं तर "अठ्ठेचाळिसावा कोण?" हे विचारून घेत. आजारी असला तर त्याच्या घरी केळी जात.

एक दिवस त्यांनी शेठला दिलेला तो माड पाहिला. आमच्या कँटीनच्या मागे, बायकांच्या हात धुवायच्या नळाशेजारी, माझ्या डोक्याच्या वर गेलेला, तकतकीत. काकांनी बुंध्याला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "एक फूट दहा इंचाच्या पायावरून मी या शेठला उगाच नावं ठेवली."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

त्या माडाला पाणी कोण घालतं, हे मला माहीत होतं. लक्षी. ट्यूबला टोपण बसवायच्या टेबलावर काम करायची. त्याच डोंगराकडच्या पाड्यातली, म्हातारी जिथली त्याच. पाळी आठची, पण लक्षीचं कार्ड रोज सात चाळीसला पंच होई. पहिल्या महिन्यातच मी तिला टोकलं होतं, "लक्षीबाई, या वीस मिनिटांचा ओव्हरटाइम मिळणार नाही हं."

"नको तुमचा ओटी, सायेब. झाडाला पानी घालतंय. तुमच्या भिंतीशी टाकून दिलेला, मीच नेला नि लावला."

मी रजिस्टरात तिच्या नावापुढे सात चाळीस लिहीत राहिलो. माझ्या दृष्टीने ती वीस मिनिटं कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, म्हणून मी ती सोडून दिली होती.

सातवं वर्ष उजाडलं. हद्दीपलीकडे, ट्रकने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, शेजारच्या केंद्रशासित भागात नव्याने करमाफी मिळत होती. वसाहतीतल्या दोन कारखान्यांनी मशीन उचलली. एका शनिवारी तर सकाळी गेलो तेव्हा शेजारची शेड रिकामी होती, जमिनीत फक्त बोल्टची भोकं. आमच्या शेठनेही तिकडे जागा पाहिल्याचं ड्रायव्हरकडून कळलं. अठ्ठेचाळीस जणांत एकतीस बोईसर-पालघरच्या आसपासचे, अकरा डोंगरातले, सहा बाहेरून आलेले. डोंगरातल्या अकरा जणांना नोकरी गेली तर दिवाळीनंतर पुन्हा वीटभट्टी होती. मीसुद्धा तेव्हा एका खोलीत भाड्याने, दोन मुलं, असा होतो.

पक्षाची बैठक भरली. अध्यक्षांनी मोर्चाची तारीख काढली. मागणी: माफी आणखी सात वर्षं वाढवा. पाठिंब्याला गावंच्या गावं उतरवायची आणि पुढे काका, कारण वसाहतीला लोकांनी होकार त्यांच्या शब्दावर दिला होता. कामगार म्हणून आम्ही आठ-दहा जण मागे बसलो होतो. लक्षीही होती.

काका उठले. "इतरांचं माहीत नाय. पण ट्यूबवाला शेठ जाणार नाय. मोर्चा कशाला? मी त्याचा माड बघितलाय. सात वर्षं पाणी घातलंय त्या माणसानं."

लोक हसले. पण इतक्या वर्षांत काकांनी खोटा आकडा सांगितला नव्हता, म्हणून हसता हसता बरेच जण मानही हलवत होते. मी खाली बघत होतो. मग मागून आवाज आला.

"काका, पानी मी घातलं." लक्षी उभी होती. "शेठला तं माड हाय ह्ये बी म्हाईत नाय."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "टाइमकीपर, खरं काय?"

"खरं आहे काका. रोज सात चाळीसला."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"नि बोलला नाहीस."



अध्यक्षांना संधी मिळाली. "बघा! झाडावर पक्षाचं धोरण ठरवतात आमचे उपाध्यक्ष. आता तरी मोर्चाच्या पुढं राहाल ना?"

काका खाली बसले नाहीत. "माझं चुकलं," म्हणाले. "सात वर्षं मी चुकीच्या माणसाकडं बघत होतो. पण मोर्चाचंही ऐका. समजा माफी वाढली. शेठ आणखी सात वर्षांनी जाईल. तेवा लक्षी चाळिशीची असेल. मला पंधरा दिवस द्या. नाय जमलं तर मोर्चाच्या पुढं चालतो आणि त्याच दिवशी उपाध्यक्षपद सोडतो."

"लेखी?" अध्यक्ष म्हणाले.

"लेखी."

बाहेर आल्यावर लक्षी त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला वाटलं होतं, काका रागावले. "तुमी आमच्या पाड्यात बोललेलं, मी आडवा हाय. मी तवा सासरी नवीनच आलेली, पण ऐकलेलं. म्हनून सांगितलं. खोट्यावर आडवं पडून काय उपेग?"

काका म्हणाले, "तू नसतं सांगितलंस तर मी घरी जाऊन निवांत झोपलो असतो." आणि माझ्याकडे वळून, "तू उद्या केळव्याला ये. तुझे आकडे घेऊन."

कारखान्याचे आकडे बाहेर न्यायची परवानगी मला नव्हती. ते मी जाणून होतो, आणि ते नेले, हेही इथे लिहायला हवं. वाडीत सुपारीच्या सावलीत बाकावर बसून आम्ही दोन दिवस काढले. काकांचा प्रश्न एकच होता: "सात वर्षांत या माणसांनी असं काय केलं, जे शेठला ट्रकात घालून नेता येणार नाय?"

माझ्याकडे ते होतं, फक्त मी तसं कधी वाचलं नव्हतं. पहिल्या वर्षी शंभर ट्यूबमागे एकोणीस बाद होत. दुसऱ्या वर्षी चौदा. आता तीन. मशीन तीच, पत्रा तोच. बदलले होते ते हात. टोपणाचा आटा सरळ बसला की नाही, हे लक्षीला बोटाला कळे, न बघता. तिकडे नवी माणसं घेतली की पुन्हा एकोणीसपासून सुरुवात. मी वर्षवार मांडलं: माफीत किती वाचेल, बाद मालात किती जाईल, वाहतुकीला किती. पहिली दोन वर्षं शेठला तिकडे जाऊन काहीच हाती लागत नव्हतं.

काकांनी चष्मा नाकावर सरकवून शेवटची ओळ वाचली. "तिसऱ्या वर्षापासून तिकडं गेलेलं फायद्याचं. हे तूच लिवलंस?"

"खरं आहे ते. माणसं तिथेही शिकतील."

मला वाटलं, ते खोडायला सांगतील. त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात, फूटपट्टीशेजारी ठेवला. "राहू दे. एकदा झाडाच्या बाबतीत खोटं बोललोय, नकळत. आता जाणून नको."

शुक्रवारी आम्ही शेठसमोर बसलो. शेठने कागद वाचला, मग पुन्हा वाचला. त्यांची मराठी आणि हिंदी एकातच असायची.

"काका, तुमी पोलिटिक्सवाले. मोर्चा आणायचा सोडून कागद आणला?"

"मोर्चा पंधराव्या दिवशी हाय. आज दहावा."

शेठ हसले नाहीत. "ये आकडे किसने निकाले?"

"मी, शेठ," मी म्हणालो.

"और ये तीसरे साल वाली लाइन? ये तो तुमच्या विरुद्ध जाते."

"विरुद्ध जाते, पण बरोबर आहे."

शेठने कागद टेबलावर ठेवला. "माझा सीए म्हणतो, पहिल्या दिवसापासून फायदा. त्याने माणूस धरलाच नाही हिशेबात." मग काकांना म्हणाले, "पूरा इथेच राहतो, असं नाही सांगू शकत. ट्यूबवरचं प्रिंटिंग मी तिकडे नेणार. मशीन छोटी आहे, ती नेणारच. बाकी इथे, दोन साल फुकट घालवणं मला परवडत नाही."

काका म्हणाले, "प्रिंटिंगला माणसं किती?"

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सात."

"सातांचं काय?"

"यायचं त्याला तिकडे घेतो, खोली देतो."

काकांनी मान हलवली. खूश दिसले नाहीत. उठताना म्हणाले, "शेठ, तुमचा एक माड हाय. कँटीनच्या मागं. एकदा बघून घ्या." शेठना काही कळलं नाही. लक्षी त्यांना तिथे घेऊन गेली. काय बोलली, मला माहीत नाही. मी माझ्या खिडकीत जाऊन बसलो होतो. नोकरी गेली नाही. शेठने माझ्यासाठी नवं रजिस्टर मागवलं, एवढंच.

सातांपैकी चार जण तिकडे गेले, तिघांनी दुसरीकडे काम शोधलं. एक्केचाळीस राहिले. काका सभेत हे आकडे असेच सांगत, सात कधी वगळत नसत. अध्यक्षांनी मोर्चा काढला. काका त्यात पुढे नव्हते, मागे चालत होते. माफी कुणालाच वाढून मिळाली नाही. उपाध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं का, असं मला लोक विचारतात. अध्यक्षांनी लेखी कागद फिरवून पाहिला, पण "जमलं" म्हणजे अठ्ठेचाळीस की एक्केचाळीस, यावर बैठक तीन तास चालली आणि चहा संपल्यावर विषय पुढे ढकलला. तो अजून ढकललेलाच आहे.

त्यानंतर काका नारळ मालकांना देईनासे झाले. नवा कारखाना निघाला की ते आत जाऊन विचारत, इथे सगळ्यात आधी कोण येतं? आणि नारळ त्याच्या हातात देत.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी शेठने ट्यूब दाबून काढणारी नवीन प्रेस आणायचं ठरवलं. जुनीच्या दुप्पट वजनाची. कँटीनच्या मागे शेड वाढवून पाया खोदायला घेतला. काकांना मी कळवलं नव्हतं, तरी ते आले. सत्तरीच्या आसपासचे होते तेव्हा. शिडी मागितली. कंत्राटदाराचा माणूस "बाबा, गिर जाओगे" म्हणत असताना धोतर खोचून खड्ड्यात उतरले आणि फूटपट्टी लावली. पट्टी दोन फुटांची, त्यामुळे खूण करत करत वरपर्यंत मोजावं लागलं.

"टाइमकीपर, लिही," खालून आवाज आला. "पाच फूट तीन इंच."

मी लिहिलं. मग ते खड्ड्याच्या दोन्ही बाजूंकडे बघू लागले. पाया शेडच्या मधोमध नव्हता, एका अंगाला चार फूट सरकला होता. असं वेडंवाकडं का खणलंय, हे त्यांनी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "नक्शे में बीच में ही था. सेठ बोले, उधर पेड़ है, हाथ मत लगाना, औरतें झगड़ा करेंगी."

काका शिडीवर अर्धे वर आले आणि तिथेच थांबले. माडाकडे पाहिलं. पहिला घड लागला होता, मुठीएवढी हिरवी फळं. मी सवयीने मोजली होती, अकरा. नळापाशी लक्षी हात धूत होती. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

"लक्षे," काका तिथूनच म्हणाले, "पाच फूट तीन."

"म्हंजे किती वर्षं, काका?"

काकांनी फूटपट्टीची घडी घातली, खिशात ठेवली आणि वर यायला हात पुढे केला.

"ते आता तुमी लोक ठरवा," ते म्हणाले.